विमानात बसू ना, डॉक्टर?

हा प्रश्न आता गल्लीतल्या दवाखान्यातही विचारला जातो. त्याचे अचूक उत्तर देणारी एक स्वतंत्र वैद्यकशाखा आहे आणि त्या शाखेतले ज्ञान डॉक्टरांपर्यंत पोहोचवणाऱ्या संघटनाही आहेत. त्यांचा सभासद होण्यात नेमके काय हशील आहे?

ठाणे स्टेशनवर पूर्वेला उतरले की कोपरी सुरू होते. इथे अजूनही फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने टिकून आहेत. संध्याकाळी बाकावर रांग लागते. ताप, खोकला, साखर, रक्तदाब, गुडघे अशी नेहमीची दुखणी घेऊन माणसे आत जातात. अलीकडे या यादीत एका प्रश्नाची भर पडली आहे. तपासून झाल्यावर, शर्टाची बटणे लावता लावता पेशंट विचारतो, ‘डॉक्टर, पुढच्या आठवड्यात दुबईला मुलीकडे जायचंय. विमानात बसू ना?’

बहुतेक वेळा ‘बसा की, काही होत नाही’ हे उत्तर मिळते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण याच बाकावर तीन वेगळे पेशंट बसलेले आहेत असे समजू. पहिल्याच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया दहा दिवसांपूर्वी झाली आहे. दुसरी विमान कंपनीत केबिन क्रू आहे. तिला जबर सर्दी झाली आहे आणि उद्या पहाटेची ड्युटी आहे. तिसरा वैमानिक आहे. त्याची साखर वाढली आहे, पण ती कंपनीच्या कागदावर येऊ नये म्हणून तो ओळखीच्या डॉक्टरकडे आला आहे. या तिघांनाही ‘काही होत नाही’ हे उत्तर चालणार नाही. पहिल्याची दृष्टी जाऊ शकते, दुसरीच्या कानाचा पडदा फाटू शकतो आणि तिसऱ्याच्या बाबतीत पाठीमागे बसलेल्या दीडशे-दोनशे माणसांचा प्रश्न असतो.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात या विषयाला फारशी जागा नाही. दवाखाना सुरू झाल्यावर पुस्तक उघडायला वेळ नाही. मग ही माहिती डॉक्टरांनी आणायची कुठून? ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. एका बाजूला सांताक्रूझ-अंधेरीचा जुना विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला हा नवा, अशा दोघांच्या मधोमध ठाणे शहर आले आहे. प्रवासी वाढणार आणि विमानसेवेत काम करणारी माणसेही. म्हणजे हा प्रश्न यापुढे अधिकच विचारला जाणार.

कळसूबाईपेक्षा उंच खुर्ची

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडते, पण आतला प्रवासी त्या उंचीवर नसतो. केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते. तरीही तो दाब जमिनीवरच्या दाबाइतका ठेवत नाहीत. तसे करायचे तर विमानाचे धूड फार जड बांधावे लागेल. म्हणून केबिनमधला दाब साधारणपणे जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या दाबाएवढा विरळ होऊ दिला जातो. आठ हजार फूट म्हणजे सुमारे २,४४० मीटर. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे कोपरीतून निघालेला माणूस अर्ध्या तासात कळसूबाईच्याही आठशे मीटर वर जाऊन बसतो आणि तिथे चार, आठ किंवा चौदा तास राहतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५०सारख्या नव्या विमानांत ही उंची सहा हजार फुटांच्या आसपास ठेवता येते, हा थोडा दिलासा.

याचे दोन परिणाम होतात. पहिला प्राणवायूचा. धडधाकट माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९७-९८ टक्क्यांवरून ९० ते ९५च्या दरम्यान येते. त्याला ते जाणवतही नाही. पण ज्याची फुप्फुसे आधीच कमकुवत आहेत, जिना चढताना ज्याला दम लागतो, त्याच्याकडे ही घट सोसण्याइतकी शिल्लक नसते.

दुसरा परिणाम वायूंच्या प्रसरणाचा. दाब कमी झाला की बंदिस्त हवा फुगते. आठ हजार फुटांच्या दाबाला ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते. चिवड्याचे पाकीट विमानात टम्म फुगते, त्याचे कारण हेच. पोटात, कानात, सायनसमध्येही हवा असते. निरोगी माणसात तिला वाट असते. सर्दीने कान आणि घसा जोडणारी नळी बुजली, की विमान उतरताना बाहेरचा दाब वाढतो, आतला तसाच राहतो आणि कानाचा पडदा आत खेचला जातो. डोळ्याच्या पडद्याच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात मुद्दाम वायूचा बुडबुडा सोडतात, पडदा जागी चिकटावा म्हणून. वायू कोणता यावर तो विरघळायला दोन ते आठ आठवडे लागतात. त्याआधी विमानात बसले तर बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब चढतो, रक्तपुरवठा थांबू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. अशा पेशंटने त्या काळात महाबळेश्वरचा घाट चढण्यापूर्वीही डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायला हवे.

यातले काहीही गहन नाही. शाळेतल्या भौतिकशास्त्राचा बॉइलचा नियम माहीत असला तरी पुरे. पण तो नियम आणि समोरचा पेशंट यांची सांगड त्या क्षणी घालता आली पाहिजे. एरोस्पेस मेडिसिन म्हणजेच हवाई व अवकाश वैद्यकाचे रोजचे काम हे आहे.

उशिरा पोहोचलेले पत्र

ही वैद्यकशाखा विमानाहून जुनी आहे. १८७५च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तिघे जण आठ हजार मीटरच्या पलीकडे गेले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्यासोबत होत्या. पण विरळ हवेचा घात असा, की माणसाला धाप लागून इशारा मिळतोच असे नाही. उलट मन प्रसन्न होते, हातपाय मात्र हलेनासे होतात. पिशवीच्या नळीपर्यंत हात गेलाच नाही. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे मरण पावले. तिसरे गास्तों तिसांदिए वाचले, पण त्यांची श्रवणशक्ती गेली. हवेचा दाब आणि शरीर यांवर मूलभूत संशोधन करणारे पॉल बेर यांनी सोबतचा प्राणवायू अपुरा आहे, असे पत्राने कळवले होते. ते पत्र वेळेत पोहोचले नाही.

जाणणारा एकीकडे आणि गरजवंत दुसरीकडे, मध्ये वेळेचे अंतर. या शाखेतल्या संघटना हे अंतर कमी करण्यासाठीच निघाल्या. अमेरिकेत १९२०च्या दशकात नागरी विमानसेवा वाढू लागली, तेव्हा वैमानिकांच्या तपासणीसाठी सरकारने ठिकठिकाणच्या खासगी डॉक्टरांची नेमणूक केली. हे काम पाहणारे डॉ. लुईस बाउअर यांच्यापुढे प्रश्न होता, की गावोगावी विखुरलेल्या या डॉक्टरांचे मोजमाप एकसारखे कसे राहील? १९२९मध्ये त्यांच्या पुढाकाराने एरो मेडिकल असोसिएशन स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघाले. अवकाशयुगाची चाहूल लागल्यावर, १९५९मध्ये तिचे नाव एरोस्पेस मेडिकल असोसिएशन झाले. आज तिच्या सभासदांत डॉक्टरांबरोबर शरीरक्रियाशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि अभियंतेही आहेत. विमानप्रवासासाठी कोणता पेशंट केव्हा योग्य, याबद्दल तिने तयार केलेल्या मार्गदर्शिका जगभरचे डॉक्टर वापरतात.

बंगळूर आणि पुणे

भारतात या विषयाचे घर बंगळूरला आहे. हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन १९५७मध्ये स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन या नावाने सुरू झाली. लढाऊ वैमानिकाला गरगर फिरवून गुरुत्वाच्या अनेक पट भार सोसायला शिकवणारे सेंट्रीफ्यूज यंत्र, विरळ हवेचा अनुभव देणारी दाबनियंत्रित खोली, दिशाभ्रम घडवून दाखवणारा सिम्युलेटर अशा सोयी तिथे आहेत. राकेश शर्मा यांच्या १९८४च्या अवकाशयात्रेपूर्वीची निवड याच संस्थेत झाली आणि गगनयानच्या चार अंतराळवीरांची वैद्यकीय निवडही. त्या चौघांतले शुभांशू शुक्ला २०२५च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात जाऊन आले. या विषयातली एमडी पदवीही इथे मिळते.

संस्थेच्या जोडीने व्यावसायिकांची संघटनाही उभी राहिली. १९५०च्या दशकात एरो मेडिकल सोसायटी ऑफ इंडिया या नावाने सुरू झालेली ही संघटना आज इंडियन सोसायटी ऑफ एरोस्पेस मेडिसिन म्हणून ओळखली जाते. तिची वार्षिक परिषद भरते आणि इंडियन जर्नल ऑफ एरोस्पेस मेडिसिन हे नियतकालिक निघते. त्यातले लेख इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध येतो तो पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून. हवाई दलाचे कित्येक डॉक्टर तिथे घडले. एअर मार्शल पद्मा बंदोपाध्याय त्यांपैकीच. हवाई वैद्यकात विशेष प्रावीण्य मिळवून त्या हवाई दलातील पहिल्या महिला एअर मार्शल झाल्या. उत्तर ध्रुवीय प्रदेशात वैज्ञानिक संशोधन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला आणि एरोस्पेस मेडिकल सोसायटीच्या पहिल्या महिला फेलो असा त्यांचा उल्लेख होतो. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ‘फेलो’ हा शब्द नावापुढची शोभेची पदवी वाटू शकतो. पण पुरुषांची मक्तेदारी असलेल्या क्षेत्रात समव्यावसायिकांनी दिलेल्या मान्यतेचे मोल वेगळे असते.

तीन अपघात, तीन धडे

संघटनेचा उपयोग काय, हे परिषदेच्या छायाचित्रांतून कळत नाही. ते अपघातांच्या अहवालांतून कळते.

१ जानेवारी १९७८. नववर्षाची संध्याकाळ. सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जम्बो विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातले सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते. ते विमान उजवीकडे कलल्याचे दाखवत राहिले आणि विमान प्रत्यक्षात डावीकडे अधिकाधिक कलत गेले. बाहेर अंधार, खाली काळा समुद्र, क्षितिजाची रेषा नाही. अशा वेळी माणसाचा कानही खोटे बोलतो. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळताना मागे राहतो, म्हणून वळण कळते. पण वळण संथ असले किंवा काही सेकंद टिकले, की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि ‘आपण सरळ आहोत’ अशी खात्री वाटते. याला दिशाभ्रम म्हणतात. त्यात वैमानिकाचे कौशल्य किंवा अनुभव कमी पडला असे म्हणून भागत नाही. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याच्या शरीराची ती मर्यादा आहे. ‘कानावर भरवसा ठेवू नका, दुसऱ्या उपकरणांशी ताडून पाहा’ हे प्रशिक्षण त्यामुळेच पुन:पुन्हा द्यावे लागते.

२२ मे २०१०. दुबईहून मंगळूरला आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ जणांचा बळी गेला. चुकीच्या पद्धतीने सुरू राहिलेले लँडिंग वेळीच सोडून दिले नाही, हे मुख्य कारण. पण चौकशीत असेही दिसले, की कॅप्टन उड्डाणाचा बराच काळ झोपले होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज होता. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू पूर्ण जागा होत नाही. या अवस्थेत निर्णय चुकतात. पहाटे दोन ते सहा ही वेळ तर शरीराच्या घड्याळाचा तळ मानली जाते. कोणी झोपेबद्दल वैमानिकाला दोष देऊन मोकळे होईल; पण ड्युटीचे वेळापत्रक कोण आखते, हा प्रश्न मग उरतो.

७ ऑगस्ट २०२०. कोझिकोडला पावसात उतरणारे विमान धावपट्टीवरून पुढे घसरले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. उतरण्याच्या प्रमाण पद्धतीचे पालन न होणे हे संभाव्य कारण ठरले. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. कॅप्टन मधुमेहाची काही औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेत असावेत आणि त्यामुळे साखर किंचित उतरून विचारशक्तीवर सूक्ष्म परिणाम झाला असण्याची शक्यता अहवालाने वर्तवली. अनुभवी, नावाजलेल्या माणसाबद्दलची ही नोंद वाचताना वाईट वाटते. पण तिच्यातून निघणारा प्रश्न टाळता येत नाही. मेटफॉर्मिनसारख्या गोळीने एरवी साखर धोकादायक उतरत नाही, पण काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने ती उतरू शकते. कारकुनासाठी हा फरक फारसा मोठा नसेल. वैमानिकासाठी तो सर्वस्व आहे.

इथे पुन्हा कोपरीच्या बाकावरचा तो तिसरा पेशंट आठवतो. वैमानिक आजार लपवतात ते हौसेने नव्हे. वैद्यकीय प्रमाणपत्र गेले की काम थांबते आणि घराचा हप्ता मात्र थांबत नाही. अमेरिकेत २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५६ टक्के वैमानिकांनी परवान्याच्या भीतीने कधी ना कधी उपचार टाळल्याचे किंवा माहिती दडवल्याचे सांगितले. ज्या डॉक्टरला नियम माहीत नाहीत तो एकतर औषध देऊन मोकळा होतो, नाहीतर घाबरवून सोडतो. नियम जाणणारा डॉक्टर मात्र सांगू शकतो, की ‘मधुमेह म्हणजे कारकीर्द संपली असे नाही. काही औषधांवर, ठरावीक काळाच्या निरीक्षणानंतर पुन्हा उडता येते. पण लपवले तर दोन्ही जाईल.’ हे वाक्य आत्मविश्वासाने बोलता यावे, यासाठी पाठीशी ज्ञान लागते आणि विचारायला माणूसही लागतो.

सभासदाला मिळते काय?

आयएमएच्या स्थानिक शाखेचा सभासद असलेल्या डॉक्टरला संघटना म्हणजे काय हे सांगायला नको. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. त्यासाठी व्याख्याने, परिषदा चालू असतात. त्यापेक्षा एरोस्पेस मेडिसिनच्या संघटनेत वेगळे काय?

पहिली गोष्ट म्हणजे दुर्मीळ अनुभवांचा साठा. एका दवाखान्यात दहा वर्षांत डोळ्यात वायू असलेला एखादाच प्रवासी येईल. देशभरच्या आणि जगभरच्या सभासदांकडे मिळून असे शेकडो असतात. नियतकालिकातला छोटासा केस रिपोर्ट म्हणजे दुसऱ्याने दिलेली किंमत आपल्याला फुकट मिळणे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. एकाच वैमानिकाला ठाण्यात ‘फिट’ आणि दिल्लीत ‘अनफिट’ ठरवले गेले तर विश्वास कोणावर ठेवायचा? नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए ठरवते. पण नियमांत न बसणारी प्रकरणे रोज येतात आणि त्यांवर तज्ज्ञांनी एकत्र बसून केलेली चर्चा हाच आधार असतो.

तिसरी गोष्ट आवाजाची. वैमानिकांच्या थकव्याचेच उदाहरण घ्या. डीजीसीएने जानेवारी २०२४मध्ये सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत आणि रात्रीची लँडिंग सहांऐवजी दोनच. विमान कंपन्यांचा विरोध, वैमानिक संघटनांची न्यायालयीन लढाई यांत ते रेंगाळले आणि २०२५मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५मध्ये वैमानिकांअभावी हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले आणि काही नियमांना तात्पुरती सवलत द्यावी लागली. अशा रस्सीखेचीत एका बाजूला कंपनीचा हिशेब आणि दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्यांची मागणी असते. झोपेचे शरीरशास्त्र मांडणारा आवाज या दोघांपेक्षा वेगळा हवा. एकटा डॉक्टर तो उठवू शकत नाही. विशेषतः तो कंपनीच्या पगारावर असेल तर. संघटना उठवू शकते, निदान तिने उठवायला हवा.

चौथी गोष्ट तरुणांसाठी. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतून दरवर्षी अनेक मुले-मुली डॉक्टर होतात. हवाई दलात न जाताही या शाखेत काम करता येते, हेच त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. विमान कंपन्यांचे वैद्यकीय विभाग, विमानतळावरील आरोग्य केंद्रे, एअर अॅम्ब्युलन्स, डीजीसीएच्या यादीवरील परीक्षक अशा वाटा आहेत. परिषदेत ओळख झालेला एखादा ज्येष्ठ जे दहा मिनिटांत सांगतो, ते चार वर्षे शोधूनही सापडत नाही.

मर्यादाही आहेत

सभासदत्व म्हणजे पात्रता नव्हे, हे स्पष्ट असावे. वर्गणी भरून मिळालेले प्रमाणपत्र भिंतीवर लावले म्हणून वैमानिकाला ‘फिट’ ठरवण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी ठरावीक प्रशिक्षण आणि डीजीसीएची मान्यता लागते. पेशंटनेही ही दोन प्रमाणपत्रे एकच समजू नयेत.

दुसरे असे, की विमानप्रवासाबाबतच्या पुष्कळ शिफारशी मोठ्या चाचण्यांवर नव्हे, तर जाणकारांच्या एकमतावर उभ्या आहेत. हृदयविकाराचा झटका आलेल्या शेकडो लोकांना मुद्दाम तिसऱ्या दिवशी विमानात बसवून पाहणे शक्य नसते. त्यामुळे वेगवेगळ्या मार्गदर्शिकांत दिवसांचे आकडे थोडे वेगळे दिसतात आणि बदलतातही. शिवाय भारतातल्या या विषयाची परंपरा मुख्यतः हवाई दलाची. लढाऊ वैमानिकाच्या मानेवर किती भार येतो यावर जितके लिहिले गेले, तितके घोडबंदर रोडवरून पहाटे तीनला निघणाऱ्या केबिन क्रूच्या झोपेवर लिहिले जायला हवे. ते लिहिण्यासाठी नागरी डॉक्टर आत यायला हवेत. बाहेर उभे राहून ‘ही आमची संघटना नाही’ म्हणत राहिले, तर ती कधीच होणार नाही.

‘विमानात कोणी डॉक्टर आहे का?’

कोपरीच्या डॉक्टरने वैमानिक कधीच तपासला नाही, तरी एक प्रसंग त्याच्यावर येऊ शकतो. सुट्टीवर जाताना, जेवणाचा ट्रे समोर असताना घोषणा होते, ‘विमानात कोणी डॉक्टर आहे का?’ २०१३मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात पाच विमान कंपन्यांच्या जवळजवळ १२ हजार वैद्यकीय प्रसंगांची छाननी होती. दर ६०४ उड्डाणांमागे असा एक प्रसंग घडत होता. त्यांतल्या ४८ टक्के प्रसंगांत प्रवाशांमधला एखादा डॉक्टर मदतीला धावला होता. सर्वाधिक, म्हणजे ३७ टक्के प्रसंग घेरी किंवा बेशुद्धीचे. १२ टक्के श्वसनाचे. विमान मध्येच वळवावे लागले ते सुमारे सात टक्के प्रसंगांत. घेरी आलेल्याला आडवे करून पाय उंच करावेत, केबिन क्रूकडून प्राणवायू आणि डॉक्टरांसाठीची पेटी मागावी, जमिनीवरच्या वैद्यकीय सल्लागाराशी बोलावे, या साध्या गोष्टी आधी वाचलेल्या असल्या तर हात थरथरत नाहीत.

आणि प्रवाशांसाठी? तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे, विमानतळाच्या वाटेवर नव्हे. अलीकडे झटका, पक्षाघात, छाती-पोटाची किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल, फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आकसले असेल, दम लागत असेल, तर सल्ला घेतल्याशिवाय निघू नये. अशा पेशंटसाठी विमान कंपन्यांचा वैद्यकीय फॉर्म असतो. तो डॉक्टरांकडून भरून घ्यावा. सात महिन्यांनंतरच्या गर्भवतींनी कंपनीचे नियम पाहावेत. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग केले असेल, तर किमान एक दिवस विमानात बसू नये. चार तासांहून मोठ्या प्रवासात अधूनमधून उठून चालावे, पाणी प्यावे. औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत.

एवढे वाचूनही शंका उरली, तर कोपरीच्या दवाखान्यात तो प्रश्न जरूर विचारावा. डॉक्टर क्षणभर थांबून ‘उद्या सांगतो, एकांना विचारून’ म्हणाले, तर त्यांना कमी लेखू नये. विचारायला त्यांच्याकडे कोणीतरी आहे, ही पेशंटच्या दृष्टीने चांगलीच बातमी आहे.